हरल्यावर दहा मिनिटं थांब

अरे, पोकरमध्ये हरल्याचा तुझा रात्रीचा मेसेज आत्ता परत वाचला. अर्धा मेसेज तर गणितच आहे. तुझ्याकडे एक्क्यांची जोडी, त्याच्याकडे नव्व्यांची, फ्लॉपच्या (टेबलवरच्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच दोघं ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला) आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, नव्वी. मान्य, जिंकायचे ८०% चान्स तुझेच होते. पण म्हणजे पाचातून एकदा हे होणारच ना, आणि ते टेबलवर सगळ्यांना माहितेय, नव्वीवाल्याला तर सगळ्यात जास्त, म्हणून तर तो एवढा ओरडला. तिघांना बक्षीस आणि तू चौथा, ते लागतं, समजतं मला. पण तू कुणाशी हातही न मिळवता निघालास आणि आता मला विचारतोयस की ही माणसं मित्र आहेत की नाहीत. निघून गेल्यावर कसं कळणार?

थांबायचं रे. दहा मिनिटं थांबायचं.

कारण खरा खेळ संपल्यावरच गंमत सुरू होते. कोण म्हणतो मी राण्यांची जोडी फोल्ड केली, म्हणजे टाकून दिली, बाकीचे म्हणतात काहीही सांगू नकोस, मग कुणाचा तरी फसलेला ब्लफ निघतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. खेचाखेची प्रत्येकाच्या वाट्याला येते, तुझा नंबर पहिला लागला इतकंच. थांबला असतास तर दुसऱ्याचा नंबर लागलेलाही पाहिला असतास.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला फिल आयवी या नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूचं नव्व्यांवर फुल हाऊस (तीन नव्व्या आणि एक जोडी) झालं होतं, समोर मनीमेकर, हौशी खेळाडू, पेशाने अकाउंटंट, हातात एक्का-राणी. रिव्हरला ४४ पत्त्यांतले ७ च त्याच्या कामाचे, आणि एक्का पडला. आयवी १० वा, फायनल टेबल ९ जणांचं. मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूला हे चुकलं नाही, आणि तू गणित कुणाला समजावतोयस?

आता माझं सांगतो, हे मी सहसा बोलत नाही. माझ्याकडे राजांची जोडी होती, एका मित्राने एक्का-सत्तीवर माझ्या ऑल-इनला कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या), रिव्हरला एक्का. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, तुला खेळ कळतच नाही, आणि उठून गेलो. तो परत कधी आला नाही. ३० बिग ब्लाइंड (सक्तीच्या मोठ्या पैजेच्या तीसपट चिप्स) हातात असताना एक्का-सत्तीवर कॉल करायचा नसतो, हे मी आजही म्हणेन, दहा वेळा म्हणेन, तो कॉल चुकीचाच होता! पण बरोबर असून मी काय मिळवलं? चांगला मित्र गेला. दहा मिनिटं थांबलो असतो तर राग उतरला असता, त्याने मला चहा विचारला असता, किंवा मीच त्याला.

म्हणून चिडून सांगतोय. खेळ सोडू का वगैरे नंतर बघू. पुढच्या वेळी लवकर बाद झालास तरी खुर्ची सोडायची नाही, शेवटचा हात बघायचा. आणि नव्वीवाल्याला आजच फोन कर, मेसेज नको. नव्व्यांवर ऑल-इन जाताना त्याच्या मनात काय होतं विचार, आणि तो बोलताना ८०% मध्ये आणू नकोस. काय म्हणाला ते मला कळव.