पिकअपचं नंतर, आधी त्या ‘एफडी’चं बोलू

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका मंडप-डेकोरेशनवाल्यांचं पत्र आहे. वय ३८, घरी आई, पत्नी, दोन मुलं. वर्षाला भाड्याच्या पिकअपच्या नव्वदेक फेऱ्या, फेरीला १८०० रुपये. आता २०१७ची डिझेल बोलेरो पिकअप साडेचार लाखांत मिळतेय. लाखभर हातचे, साडेतीन लाख कर्ज, १५ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. एवढी जुनी डिझेल गाडी घ्यावी का, हा प्रश्न. आणि शेवटी सहज एक ओळ: “कर्जाची चिंता नाही. बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखी योजना लावून दिलीय, वर्षाला ९६ हजार, तीन हप्ते झाले. पुढच्या वर्षी ते चार लाख काढून कर्ज मिटवू.”

कुठले चार लाख? तुम्ही पाठवलेला फोटो पुन्हा बघा. ती पंधरा वर्षं हप्ते भरायची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे बचत आणि विमा एकत्र बांधलेला. आज मोडलीत तर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या साधारण ३५ टक्के, म्हणजे २.८८ लाखांतले लाखभर. चौथा हप्ता भरून मोडलीत तर ३.८४ लाखांचे निम्मे. विशेष सरेंडर मूल्य थोडं जास्त निघू शकेल, पण चार लाख विसरा. एफडी मागायला आलेल्या माणसाला हे विकणाऱ्यांबद्दल मी जे बोलतो ते छापता येणार नाही.

आणि विमा किती? ९.६० लाख. पाच माणसांच्या घराला तो किती दिवस पुरेल? तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म विमा (बचत नाही, माणूस गेला तरच घरच्यांना पैसे) वर्षाला पंधरा-वीस हजारांत मिळतो. आधी तो घ्या. तो हातात आला की शाखेकडून सरेंडर (मोडून मिळणारे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते बंद करून, कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवल्यास मिळणारे), दोन्ही आकडे लेखी मागा. तोंडी काही ऐकू नका, “अजून दोनच हप्ते भरा” हे तर नाहीच. पैशांची नड नसेल तर पेड-अप करून सोडा, नसता मोडा. पॉलिसी न पटल्यास परत करायची, ती फ्री-लुक मुदत तुम्ही केव्हाच घालवलीत.

आता गाडी. भाड्यात आज १.६२ लाख जातात. स्वतःची घेतलीत तर वर्षाला हप्ते १.४५ लाख, ड्रायव्हर दीड लाख, विमा पंचवीस हजार, टायर-क्लच-फिटनेस चाळीस, डिझेल अठ्ठावीस. चार लाखांच्या आसपास. स्वतः चालवलीत तरी अडीच. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ती दारात उभी, हप्ता मात्र चालूच. “रिकाम्या दिवसांत भाड्याने लावू” म्हणता, तर त्या दिवसांत सगळ्याच मंडपवाल्यांच्या गाड्या रिकाम्या असतात, भिया.

गाडी वाईट नाही. कमी वेगातही ओढ चांगली, पाट्यांची स्प्रिंग, दुरुस्ती कोपऱ्यावरचा मिस्त्रीही करतो. दुखणी महागाची: इंजेक्टर, पंप, टर्बो. जास्त माल लादून लादून चासीला वेल्डिंग झालेलं असतं, आणि मीटरवरच्या किलोमीटरवर माझा काडीचा विश्वास नाही. आठ वर्षं उलटली की फिटनेस तपासणीही दरवर्षी.

तीन वर्षांनी, कर्जाशिवाय घेता आली आणि स्वतः चालवणार असाल, तर हिशोब बदलतो. तेव्हा सकाळी इंजिन थंड असताना जा. सुरू केल्यावर निळा धूर निघाला तर परत फिरा. माल भरून भेरूघाट चढवून बघा. तोवर एखाद्या पिकअपवाल्याशी सीझनचा ठोक दर ठरवा. नव्वद फेऱ्यांचं गिऱ्हाईक तो सोडणार नाही.

आणि मालक “नाव नंतर करू” म्हणतोय असं लिहिलंय. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या आणि विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. दिला असेल तर आजच परत मागा.