तुम्ही विचारलंय: जावात एनमच्या (ठरावीक नावांच्या किमतींच्या यादीच्या) सगळ्या किमती कशा मिळवायच्या? आणि डेटाबेसमधल्या आकड्यावरून नेमका एनम कसा काढायचा, 'व्हॅल्यूज()[आकडा]' चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. व्हॅल्यूज() बोलवा, ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने सगळे ॲरेत मिळतात.

दुसऱ्यासाठीचं 'व्हॅल्यूज()[आकडा]' बघून मात्र पोटात गोळा आला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे ऑर्डरच्या स्टेटसचा एनम होता: नवी, पाठवली, पोचली, रद्द. जेपीएला (जावातला डेटा डेटाबेसमध्ये साठवायची प्रमाणित पद्धत) काही सांगितलं नाही तर ते ऑर्डिनल, म्हणजे यादीतला शून्यापासून मोजलेला क्रमांक, साठवतं, म्हणून मी एनमटाइप स्ट्रिंग लावलं होतं, म्हणजे क्रमांकाऐवजी नाव साठवलं जाईल. रिव्ह्यूत सीनियरने ते काढायला लावलं. "चार किमतींसाठी अख्खे शब्द कशाला? जागा खातात." थोडा भांडलो, मग गप्प बसलो.

आठ महिन्यांनी 'पॅक केली' ही पायरी आली. मी ती 'नवी'नंतर घातली, कारण ती येते तिथेच. कंपाइल झालं, टेस्टही पास झाल्या. टेस्टचा डेटाबेस दरवेळी कोराच असायचा ना! प्रॉडक्शनवर जुना 3, म्हणजे रद्द, आता 'पोचली' झाला. एक एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. ज्यांनी ऑर्डर रद्द केली होती त्यांना स्क्रीनवर 'पोचली' दिसायला लागलं. कळेपर्यंत नव्या ऑर्डरीही त्यात मिसळल्या होत्या. एकाच कॉलममधल्या 2 चे दोन अर्थ, आणि ते डिप्लॉयची वेळ बघून वेगळे करायचे! दोन रात्री त्यात गेल्या.

मीटिंगमध्ये खापर माझ्यावर. "नवीन किंमत शेवटी घालतात, एवढं कळत नाही?" हा नियम कोडमध्ये कुठे लिहिला होता? उलट जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ऑर्डिनलपाशीच म्हटलंय की बहुतेक प्रोग्रामरना याचा काही उपयोग नाही. ते एनमसेट, एनममॅपसारख्या एनमवर आधारलेल्या डेटा स्ट्रक्चर्ससाठी आहे.

तेव्हा एनमला स्वतःचं कोड नावाचं फील्ड द्या, टेबलात आधीपासून आकडे असतील तर तेच त्यात लिहा. व्हॅल्यूज()वरून एकदाच फिरून कोडवरून एनम देणारा स्टॅटिक मॅप बनवा. व्हॅल्यूज() दर वेळी नवा ॲरे देतं, त्यामुळे ते लूपच्या आत बोलवत बसू नका. नाव साठवलंत तर पुढे नाव बदलताना जुन्या नोंदी अडतील हे खरं, पण तेव्हा नावावरून एनम देणारं व्हॅल्यूऑफ() निदान एक्सेप्शन फेकून बोंबलतं तरी.

आणि जागेचं म्हणाल, तर त्याच टेबलात ग्राहकाचा अख्खा पत्ता तीनदा साठवलेला होता. ते डिझाइन कोणाचं होतं, ओळखा.