गोव्यात नवी वॅगनआर घ्यावी की वापरलेली बलेनो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीहून पणजीला रोजची नोकरी, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. नवी वॅगनआर व्हीएक्सआय शोरूमवाले ऑन-रोड सव्वासहा लाख सांगतात. म्हापशाच्या एका डीलरकडे २०२१ची बलेनो डेल्टा (मधलं व्हेरियंट) आहे, ४८ हजार किलोमीटर चाललेली, भाव ५ लाख ४० हजार. बलेनो मोठी, दिसायला भारदस्त, वर ८५ हजारांनी स्वस्त, मग नवी कशाला घ्यायची?

या दोनच गाड्यांतून निवडायचं असेल तर नवी घ्या. जुनी गाडी वाईट म्हणून नव्हे, ही बलेनो या भावात घेण्यासारखी नाही म्हणून.

भावाचं आधी बघू. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी अधिक सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आला. वॅगनआरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आली, बलेनोची सहा लाखांच्या आत. म्हणजे २०२१मध्ये ज्याने बलेनो घेतली त्याने आजच्यापेक्षा जास्त कर भरला होता, आणि विकताना तो त्याच जुन्या आकड्यावरून हिशेब करतो. डीलरही तेच करतो. तुम्ही मात्र आजच्या नव्या बलेनोच्या किमतीवरून मागे यायचं. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता सगळ्यांना एकच आहे: चार वर्षं उलटून पाच पुरी न झालेल्या गाडीला ५० टक्के घसारा. बाजारभाव त्याहून वर असतो हे खरं, मारुतीचा तर हमखास असतो. पण तुम्ही दिलेली किंमत आणि पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती, यांत दीड-दोन लाखांचा फरक असेल, तर गाडी पुरात गेली किंवा पार चेपली तर तेवढे पैसे तुमच्या खिशातून जातात. लोक भाव ठरवताना हे बघतच नाहीत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याने ती पैशाच्या आधी बघावी असं मला मनापासून वाटतं. मोठी गाडी म्हणजे भक्कम गाडी, हा समज सोडा. गाड्या धडकवून तपासणाऱ्या लॅटिन एनकॅप या संस्थेने २०२१मध्ये भारतात बनलेल्या, दोन एअरबॅगच्या बलेनोला शून्य तारे दिले होते. तुम्ही बघताय ती त्याच पिढीची. फेब्रुवारी २०२२मध्ये बलेनो जवळजवळ नव्याने आली: झीटा आणि अल्फा या वरच्या व्हेरियंटना सहा एअरबॅग. या नव्या बलेनोला भारत एनकॅपमध्ये चार तारे मिळाले. आता वॅगनआरबद्दलही खरं तेच सांगतो. २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला एकच तारा दिला. २०२५पासून सहा एअरबॅग सगळ्या वॅगनआरमध्ये आल्या, ही मोठी सुधारणा आहे, पण सांगाडा तोच. तेव्हा जुनीच घ्यायची असेल तर २०२२नंतरची झीटा शोधा. माझ्या भावाला मी हेच सांगितलं असतं.

मी फोंड्याला राहतो, गाड्यांचा धंदा करत नाही. पण घरात, मित्रमंडळींत कुणाला वापरलेली गाडी घ्यायची झाली की बघायला मला नेतात. त्या अनुभवावरून सांगतो, गोव्यात जुनी गाडी बघताना किलोमीटरचा आकडा शेवटी बघावा. आधी दोन प्रश्न विचारावेत: ती पावसाळ्यात कुठे उभी होती, आणि चालवत कोण होतं?

पावसाळ्याचं म्हणाल तर चार महिने ओल आणि किनाऱ्याला वर्षभर खारी हवा. कळंगुट किंवा बाणावलीला अंगणात उघड्यावर राहिलेली गाडी आणि साखळीला शेडमध्ये राहिलेली तीच गाडी, दोन्ही वरून पॉलिश मारून सारख्याच चकचकीत दिसतात. म्हणून गाडी लिफ्टवर चढवायला लावा. सस्पेन्शनचे आर्म, सायलेन्सरचे सांधे, ब्रेक पाइप जिथे क्लिपमध्ये बसतात ती जागा, आणि जॅक लावतात तो दारांखालचा पत्रा. वरवरचा तांबूस थर सगळ्या गोमंतकीय गाड्यांना असतो, त्याने घाबरू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडल्यावर पापुद्रे निघाले तर मात्र सोडून द्या. नुकतंच काळंकुळकुळीत कोटिंग मारलेलं दिसलं तर ते कधी मारलं आणि का, हे विचारा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, त्यांवरून बोट फिरवा. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या काचेखालच्या जाळीत पाला साचून पाणी आत उतरतं, तेव्हा पुढचं पायपुसणं उचलून कार्पेटवर तळहात दाबून ठेवा. ओल लगेच कळते.

पुराची गाडी हा वेगळाच धोका. जुलै २०२१मध्ये डिचोली, सत्तरीत पाणी कसं चढलं ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल. अशा गाड्या साफ होऊन बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते.

आता चालवत कोण होतं ते. पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ती पुढे प्रायव्हेट करून विकता येते, आणि त्यात बेकायदा काही नाही, पण भाव त्याप्रमाणे हवा. एम-परिवहन या सरकारी ॲपवर किंवा आरसीवर मालकाचा अनुक्रमांक आणि गाडीचा वर्ग बघा, विम्याची जुनी पॉलिसी मागा. खरी अडचण पांढऱ्या पाटीवर चोरून भाड्याने फिरलेल्या गाड्यांची आहे, कारण कागदावर काहीच दिसत नाही. एका मित्रासाठी आम्ही अशीच एक स्विफ्ट बघत होतो. एकच मालक, कागद स्वच्छ, आतून शाम्पूचा वास. मी ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली तर रुळांत कर्र आवाज आला. टॉर्च मारून बघितलं तर दोन्ही रुळांत, कार्पेटच्या शिवणीत, हँडब्रेकच्या फटीत बारीक पांढरी वाळू. मागच्या सीटखालीही तीच. घरच्या गाडीतही थोडी वाळू येते, आपणही समुद्रावर जातो, पण चारही बाजूंना इतकी येत नाही. मग चारी कोपरे नीट बघितले: बंपरच्या प्रत्येक कोपऱ्यावर रंगाची छटा किंचित वेगळी. आम्ही तिथून निघालो.

क्लच तपासायला सपाट रस्ता कामाचा नाही. डीलर पर्वरीच्या कोंडीत एक फेरी मारून आणेल, तेवढ्यावर समाधान मानू नका. फर्मागुढीचा किंवा आल्तिन्होचा चढ घ्या, मध्येच थांबवून पुन्हा उचला. इंजिन ओरडतंय आणि गाडी रेंगाळतेय असं झालं तर क्लचचा खर्च भावातून वजा करा.

खर्चाचं बाकीचं भराभर सांगतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चांगलाच जास्त असतो, त्यामुळे हप्त्यावर घेणार असाल तर ते ८५ हजार दिसतात तितके उरत नाहीत. रोख देणार असाल तर गणित बदलतं. नव्या मारुतीला आता ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर वॉरंटी आहे, २०२१च्या गाडीची कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली. ट्रू व्हॅल्यूकडून, म्हणजे मारुतीच्याच जुन्या गाड्यांच्या दुकानातून, प्रमाणित गाडी घेतलीत तर वर्षभरापर्यंत वॉरंटी आणि तीन सर्व्हिस फुकट मिळू शकतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी मी देईन. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार असतात. आधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. विमा कोणत्याही गाडीचा घ्या, इंजिन प्रोटेक्ट जोडाच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही.

बेळगाव किंवा सावंतवाडीची गाडी स्वस्त मिळते म्हणून कुणीतरी सुचवेलच. केए-२२ किंवा एमएच-०७ पासिंग म्हणजे तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर. हे सगळं धरून भाव काढा, मग बहुतेक वेळा जीए पासिंगचीच परवडते.

कागदांत मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यावर मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेव्हा डीलरने तो भावात मिरवू नये. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातची राखून ठेवा, आणि हे ॲडव्हान्स देण्यापूर्वीच लिहून घ्या.

तेव्हा तुमच्यापुरतं बोलायचं तर २०२१ची डेल्टा साडेचार लाखांच्या वर घेऊ नका, आणि त्या भावातही एअरबॅग दोनच आहेत हे घरात सांगून मगच घ्या. २०२२ची झीटा तुमच्या सव्वासहा लाखांत बसत असेल, खालून कोरडी असेल, तर ती नव्या वॅगनआरपेक्षा मला जास्त आवडेल. तशी मिळाली नाही तर वॅगनआर बुक करून मोकळे व्हा. चवथीच्या आधी घाई करू नका, डिसेंबरअखेर जुन्या वर्षाच्या गाड्यांवर शोरूमवालेच सूट देतात.

म्हापशाची ती गाडी बघायला जाणारच असाल तर सकाळी लवकर जा, आणि आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका असं डीलरला आदल्या दिवशी फोन करून सांगा. गार इंजिन सुरू होताना जो आवाज येतो आणि सायलेन्सरमधून जो धूर निघतो, तो अर्ध्या तासाने दिसत नाही.