व्हीपीएन बंद झाले, इंटरनेटही गेले

प्रश्न : मी जुळे सोलापुरातील घरून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातील सर्व्हरवर असल्यामुळे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाणारी खासगी वाट, लावूनच त्यात जावे लागते. गेल्या आठवड्यात काम चालू असताना लाइट गेली आणि संगणक मध्येच बंद पडला. लाइट आल्यावर तो सुरू केला, तर वायफाय जोडलेले दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. त्याच वायफायवर घरातले सगळे मोबाइल व्यवस्थित चालतात. राउटर बंद-चालू केला, संगणक तीन-चार वेळा रीस्टार्ट केला, उपयोग झाला नाही. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे आहे की विंडोज फॉरमॅट करावे लागेल. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरण भरायचे आहे आणि सहा वर्षांच्या फाइल्स याच संगणकात आहेत. फॉरमॅटशिवाय दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मार्ग आहे, आणि तो पूर्ण चाचपल्याशिवाय कृपा करून फॉरमॅटला होकार देऊ नका. त्याच वायफायवर मोबाइल चालतो, हे तुम्ही स्वतः पाहिलेले आहे; म्हणजे लाइन आणि राउटर दोन्ही ठीक आहेत आणि बिघाड संगणकातच, बहुधा त्याच्या मांडणीत म्हणजे सेटिंग्जमध्ये आहे. मांडणीतला बिघाड फाइल्सना धक्का न लावता दुरुस्त होतो.

झाले काय ते आधी समजून घेऊ. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्त्यांवर अडथळे लावून वाहतूक दुसरीकडून वळवतात आणि मिरवणूक पुढे गेली की ते काढून घेतात. व्हीपीएनही जोडले जाताना असेच करते : संगणकातून बाहेर जाणारी सगळी माहिती स्वतःच्या वाटेने वळवते आणि नीट ‘डिस्कनेक्ट’ केल्यावर जुनी वाट पुन्हा मोकळी करते. लाइट गेल्यामुळे तुमच्या संगणकाला ही आवराआवर करायला वेळच मिळाला नाही. यातले वळवलेले मार्ग बहुधा रीस्टार्टनंतर आपोआप पुसले जातात, पण तीन गोष्टी मागे राहू शकतात : किल स्विचचा अडथळा, बदललेले डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सोय) आणि प्रॉक्सी (आपल्या वतीने पाने मागवणारा मधला सर्व्हर). तीन-चार वेळा रीस्टार्ट करूनही फरक पडला नाही, यावरून या तिघांपैकीच कोणीतरी अडून बसले आहे असे मला वाटते.

सर्वांत सोपा उपाय आधी करा. व्हीपीएनचे सॉफ्टवेअर उघडून पुन्हा ‘कनेक्ट’ करा, जोडले गेले तर मिनिटभर थांबा आणि मग त्यातूनच ‘डिस्कनेक्ट’ करा. किल स्विच म्हणजे व्हीपीएन तुटताच बाकीचे इंटरनेट अडवून धरणारी सोय. ती चालू असली तरी खुद्द व्हीपीएनला वाट मोकळी असते, म्हणून जोडणी पुष्कळदा होते आणि अर्धवट राहिलेली आवराआवर त्या निमित्ताने पूर्ण होते. तेवढ्याने भागले नाही, तर सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये किल स्विच सापडतो का ते पाहा आणि असल्यास बंद करून बघा. कंपनीने ती सेटिंग कुलूपबंद ठेवली असेल, तर तिच्या संगणक विभागाला फोन करावा लागेल.

तरीही नेट येत नसेल, तर दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी पाच मिनिटे द्या. स्टार्टमध्ये सीएमडी असे शोधून काळी खिडकी उघडा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या आहेत. आधी पिंग, मग एक जागा सोडून ८.८.८.८ असे लिहून एंटर दाबा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा आकडी पत्ता आहे. उत्तराच्या चार ओळी आल्या, तर संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट शाबूत आहे. मग त्याच खिडकीत पिंगपुढे गूगल डॉट कॉम लिहून पाहा.

आकड्यालाच उत्तर येत नसेल, तर अडथळा किल स्विचचा किंवा व्हीपीएनने मागे ठेवलेल्या नेटवर्क अडॅप्टरचा असण्याचा संभव मोठा आहे. आकडा चालतो पण नाव चालत नाही, असे झाल्यास दोष डीएनएसचा आहे. आणि दोन्ही चालत असून फक्त ब्राउझर अडत असेल, तर प्रॉक्सी तपासा.

यांतला डीएनएसचा दोष सहसा पटकन लक्षात येत नाही, म्हणून तो जवळून पाहू. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय आणि त्यात हार्डवेअर प्रॉपर्टीज उघडा. ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ या ओळीपुढे ‘मॅन्युअल’ असे लिहिलेले असेल आणि खाली १०. ने सुरू होणारा एखादा पत्ता असेल, तर चोर सापडला असे समजा. तो पत्ता बहुधा कंपनीच्या आतल्या सर्व्हरचा असतो आणि व्हीपीएन जोडलेले असेल तेव्हाच तिथवर पोहोचता येते. व्हीपीएनची वाट बंद झाल्यावर तुमचा संगणक प्रत्येक नावाचा पत्ता अशा सर्व्हरला विचारत बसतो, ज्याच्यापर्यंत त्याचा आवाजच जात नाही. ‘एडिट’ दाबून ते ‘ऑटोमॅटिक’ करा. त्यानंतर काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागून फ्लशडीएनएस ही आज्ञा द्या, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरे पुसली जातील.

प्रॉक्सी याच नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये सापडेल. तिथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल तर बंद करावे. मात्र काही कंपन्या प्रॉक्सी मुद्दाम लावून देतात, म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ही सवय मी प्रत्येक वाचकाला आग्रहाने सांगतो.

इतके करूनही वाट मोकळी झाली नाही, तर सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नेटएसएच विनसॉक रीसेट आणि नेटएसएच आयएनटी आयपी रीसेट या दोन आज्ञा एकापाठोपाठ द्या आणि संगणक रीस्टार्ट करा. शेवटचा उपाय म्हणजे ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधील ‘नेटवर्क रीसेट’. त्याने फाइल्सना काहीही होत नाही, पण वायफायचे पासवर्ड विसरले जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावे लागू शकते. म्हणून पुण्याच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय तो करू नका, नाहीतर नेट येईल आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र हातचे जाईल.

विवरणाची तारीख जवळ आली असेल, तर दुरुस्तीसाठी अडून राहू नका. जीएसटीचे संकेतस्थळ उघडायला कंपनीचे व्हीपीएन लागत नाही. हिशेबाचे आकडे हाताशी असतील तर दुसऱ्या संगणकावरून विवरण भरता येईल. आणि डेस्कटॉप वापरत असाल तर एक यूपीएस अवश्य घ्या. लाइट गेल्यावर व्हीपीएन तोडून संगणक नीट बंद करण्यासाठी लागणारी चार-पाच मिनिटे त्याने मिळतात.

प्रश्न : मी फुकटचे एक व्हीपीएन वापरून नंतर काढून टाकले. तेव्हापासून क्रोममध्ये काहीच उघडत नाही, पण संगणकावरील व्हॉट्सॲप चालते. असे का होते?
— एक विद्यार्थिनी, विजापूर रस्ता

उत्तर : व्हॉट्सॲप चालते म्हणजे नेट आहे, अडथळा ब्राउझरपुरताच दिसतो. फुकटच्या काही व्हीपीएनचे संगणकावरील सॉफ्टवेअरखेरीज क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे सॉफ्टवेअरही बसलेले असते. सॉफ्टवेअर काढले तरी एक्स्टेन्शन तसेच राहते आणि बंद पडलेल्या प्रॉक्सीकडे पाने मागत राहते. क्रोमच्या मेनूतून एक्स्टेन्शन्सचे पान उघडा, व्हीपीएनच्या नावाचे जे असेल ते ‘रिमूव्ह’ करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा. त्यानेही फरक पडला नाही, तर वरच्या उत्तरातली प्रॉक्सीची सेटिंग तपासा. तीही बंदच असेल, तर तेच व्हीपीएन पुन्हा बसवा, नीट ‘डिस्कनेक्ट’ करा आणि त्यानंतर ते काढून टाका.