यंत्रमागाच्या खडखडाटाने कान गेले, तर भरपाई मिळते का?

हो, मिळू शकते. इचलकरंजीत १४ वर्षं माग चालवून हळूहळू कमी ऐकू यायला लागलं असेल, तर एखाद्या दिवशी अपघात झाला हे दाखवावं लागत नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ‘ब’ भागात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. एकाच मालकाकडे सलग ६ महिने असं काम केलेलं असलं, की आजार कामामुळेच झाला असं कायदा धरतो. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं.

आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा. आवाजाने कान गेले असतील, तर त्या आलेखात बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या (उंच पट्टीच्या आवाजाच्या) आसपास खड्डा दिसतो, तो डॉक्टरांकडून लेखी घ्या. खरी अडचण नोकरीच्या पुराव्याची येते, म्हणून पगाराची चिठ्ठी, बोनसची पावती, पीएफचा उतारा, जे हाती असेल ते आजच जपून ठेवा. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर दावा मालकावर नाही, ईएसआय महामंडळाकडे करायचा.

मात्र त्याच कामाने धरलेली कंबर किंवा मनगट या यादीत नाही. तिथे कामावरची ठरावीक इजा दाखवावी लागते आणि ते बरंच अवघड जातं.