चित्रप्रश्न: मांडीवर झोपलेला बाळ येशू

प्रश्न: जुन्या इटालियन चित्रांत मरियेच्या मांडीवरचं बाळ झोपलेलं कमी आणि निष्प्राणच जास्त वाटतं. चित्रकाराला झोप रंगवता आली नाही, की हे मुद्दाम केलंय?

उत्तर: मुद्दाम. झोपलेला बाळ येशू पाहताच भाविकाला क्रूसावरून उतरवलेला येशू आठवावा, अशीच मांडणी असे. जोव्हान्नी बेलिनीचं 'कुरणातली मरिया' (सुमारे १५००, नॅशनल गॅलरी, लंडन) सावकाश पाहा. बाळ मांडीवर आडवं पडलंय आणि आईने त्याला धरलेलंच नाही. तिचे हात प्रार्थनेसाठी जुळलेत. मागे निष्पर्ण झाडावर काळा पक्षी बसलाय, दुसरीकडे एक पांढरा पक्षी सापाशी झुंजतोय. 'पिएता' चित्रांत मृत येशू आईच्या मांडीवर असाच आडवा असतो. पार्मिजानिनोच्या 'लांब मानेच्या मरिये'त (उफ्फित्सी संग्रहालय, फ्लॉरेन्स, १५३४ला सुरू, १५४०मध्ये चित्रकार गेला तेव्हा अपुरंच) तर बाळ वयाच्या मानाने फार मोठं आहे आणि हात पसरून मांडीवरून घसरतंय. मान्तेन्याच्या बर्लिनमधल्या चित्रात बाळाला गुंडाळलेलं कापड कफनाची आठवण देतं, पण आईचा चेहरा त्याच्या डोक्याला इतका टेकलाय की माया आधी जाणवते, मरण मागाहून. आमच्या मते या विषयावरचं हे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र.

तरी प्रत्येक झोपेत मरण शोधू नये. आडवं, आधाराविना पडलेलं शरीर, सैल सुटलेले हातपाय, प्रार्थनेतली आई आणि भोवतालच्या खुणा यांतल्या दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या तरच तो अर्थ लावावा. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या ब्रेरा संग्रहालयातल्या चित्रात (मिलान, सुमारे १४७२–७४) झोपलेल्या बाळाच्या गळ्यात पोवळ्यांची माळ आहे. इटलीत दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलांना पोवळं घालत. त्याचा लाल रंग रक्ताचीही आठवण देतो, पण आधी ती त्या काळच्या घराघरातली वस्तू आहे.

प्रश्न: काही चित्रांत मरिया बाळावरचं तलम वस्त्र उचलते, काहींत ओठांवर बोट ठेवते. का?

उत्तर: बोट म्हणजे 'गप्प, त्याला उठवू नको'. आन्निबाले कार्राच्चीच्या 'मौन' या चित्रात (सुमारे १५९९–१६००, ब्रिटिश राजसंग्रह) छोटा योहान (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा) बाळाला हात लावायला जातो आणि आई त्याला खुणेने थांबवते. वस्त्राचा अर्थ जास्त खोल आहे. मध्ययुगीन भक्तिग्रंथांत मरिया क्रूसावरच्या उघड्या येशूभोवती स्वतःचं डोक्यावरचं वस्त्र गुंडाळते. ते वाचलेला माणूस या पातळ कापडाकडे नुसती चादर म्हणून पाहत नसे.

प्रश्न: मरियेचा झगा निळा असायला हवा, मग काही ठिकाणी काळपट का? चेहरे हिरवट का?

उत्तर: लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेला अल्ट्रामरीन हा निळा रंग फार महाग. त्यामुळे पुष्कळदा खाली किंवा सगळीकडेच अझुराइट या दुसऱ्या खनिजाचा स्वस्त निळा वापरत. अझुराइटचे कण भरड. त्यांभोवतीचं माध्यम आणि वरचं व्हार्निश पिवळं-तपकिरी झालं की निळा काळपट हिरवा दिसतो. तेलातला अल्ट्रामरीन कधी कधी वेगळ्याच तऱ्हेने बिघडतो: करडा, पांढुरका पडतो.

चेहऱ्याचं कारण निराळं. टेम्परात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर देत. चेन्निनो या इटालियन चित्रकाराच्या सुमारे १४०० सालच्या हस्तपुस्तिकेत ही पद्धत सविस्तर आहे. वरचे गुलाबी थर पातळ. शतकानुशतकांच्या साफसफाईत ते झिजले की खालचा हिरवा डोकावतो. म्हणून असं चित्र घरी पाण्याने किंवा कशानेही पुसू नये.

प्रश्न: सास्सोफेर्रातोचं 'झोपलेलं बाळ' दोन संग्रहालयांत जवळजवळ सारखंच पाहिलं. अस्सल कुठलं?

उत्तर: दोन्ही अस्सल असू शकतात. जोव्हान्नी बात्तिस्ता साल्वी ऊर्फ सास्सोफेर्रातो (१६०९–१६८५) एकच रचना मागणीनुसार पुन्हा पुन्हा रंगवी, इतरांच्या रचनाही घेई. पण नंतरच्या नकलाही भरपूर आहेत. पाटीवर 'कार्यशाळा' (त्याच्या हाताखालच्यांनी केलेलं) किंवा 'च्या धर्तीवर' (दुसऱ्याने केलेली नक्कल) असं लिहिलंय का, ते आधी वाचा. नकलांचा छडा रंगद्रव्यावरून लागतो. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८नंतर. झग्याच्या मूळ थरात यांतला एकही सापडला तर ते चित्र सास्सोफेर्रातोच्या हातचं नाही. तपासायचा रंगाचा नमुना मात्र मूळ थरातलाच हवा. डागडुजीतला निळा तपासला तर अस्सल चित्रही नकली ठरतं. त्यासाठी आधी अतिनील दिव्याखाली पाहतात: जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावर केलेली डागडुजी गडद ठिपक्यांसारखी दिसते. ते ठिपके टाळून नमुना घ्यायचा.