‘एअर इंडिया वन’, ‘राजकीय विमान’ आणि ‘विशेष विमान’

प्रश्न असा आला आहे: ‘एअर फोर्स वन’ आणि ‘एअर इंडिया वन’ ही विमानांची नावं आहेत का? आणि राष्ट्रप्रमुखांसाठी असलेल्या सरकारी विमानाला मराठीत ‘राजकीय विमान’ म्हटलं तर चालेल का? प्रश्नकर्ते बातम्यांचे अनुवाद करतात. नमुना म्हणून त्यांनी आपलं एक वाक्य दिलं आहे: ‘पंतप्रधान 8,400 कोटींच्या एअर इंडिया वन या राजकीय विमानाने रवाना झाले.’

आधी ‘राजकीय’चा निकाल लावू. हा शब्द इथे नको. हिंदीत ‘राजकीय महाविद्यालय’ म्हणजे सरकारी महाविद्यालय, पण मराठीत ‘राजकीय’ म्हटलं की पक्ष, निवडणुका आणि डावपेच डोळ्यांपुढे येतात. ‘राजकीय विमान’ वाचून मराठी माणसाला ते प्रचाराचं विमान वाटेल. ‘राजकीय दुखवटा’सारख्या एखाद्या प्रयोगात जुना अर्थ टिकला आहे खरा, पण तेवढ्यावर नवा शब्द उभा करता येत नाही. आपल्याकडे ‘शासकीय’ आहेच: शासकीय विश्रामगृह, शासकीय रुग्णालय, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी मुंबईत विमानात जाऊन बसले आणि परवानगी आलेली नाही म्हणून त्यांना उतरून प्रवासी विमानाने डेहराडूनला जावं लागलं. तेव्हा ‘शासकीय विमान’ आणि ‘सरकारी विमान’ हे दोन्ही शब्द लोकांच्या तोंडी होते आणि दोन्ही बरोबरच होते. विमान राज्य शासनाचं होतं, वाद राजकीय होता. दोन शब्द दोन जागी ठेवले की सगळं स्वच्छ कळतं.

‘राज्य विमान’ असंही करू नये. नागरी विमान वाहतुकीच्या 1944 च्या शिकागो करारात लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस सेवेतल्या विमानांचा वेगळा वर्ग केला आहे, आणि अशा विमानाला दुसऱ्या देशावरून उडायचं तर त्या देशाची खास परवानगी लागते. त्या वर्गाच्या ‘स्टेट एअरक्राफ्ट’ या इंग्रजी नावात ‘स्टेट’ म्हणजे ‘राज्य’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ सार्वभौम देश. महाराष्ट्रात ‘राज्य’ म्हटलं की महाराष्ट्रच समजला जातो. ही परवानगी नुसती कागदी बाब नाही. सप्टेंबर 2019 मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद आइसलँडला निघाले तेव्हा पाकिस्तानने त्यांच्या विमानाला आपलं आकाश नाकारलं. जुलै 2013 मध्ये बोलिव्हियाचे अध्यक्ष एव्हो मोरालेस मॉस्कोहून परतत होते. अमेरिकेची गुपितं फोडणारे एडवर्ड स्नोडेन विमानात असल्याचा संशय आला, युरोपातल्या काही देशांनी वाट अडवली आणि त्यांना व्हिएन्नात उतरावं लागलं.

आता मुख्य प्रश्न. ‘एअर फोर्स वन’ हे विमानाचं नाव नाही. ती रेडिओवरची हाक आहे. अमेरिकी हवाई दलाच्या ज्या विमानात त्या क्षणी राष्ट्राध्यक्ष बसलेले असतील, त्या विमानाला नियंत्रण कक्ष या शब्दांनी पुकारतो. पाळण्यातलं नाव वेगळं, हाक मारायचं नाव वेगळं, तसंच हे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या विमानाचं स्वतःचं नाव ‘कोलंबाइन’ होतं. 1950 च्या दशकात एकदा त्यांचं ‘एअर फोर्स 8610’ आणि ईस्टर्न एअरलाइन्सचं ‘ईस्टर्न 8610’ एकाच वेळी हवेत होते. आकडे सारखे असल्याने गोंधळ झाला आणि मग राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव हाक ठरली.

ही हाक पदाला किती घट्ट बांधलेली आहे, ते 9 ऑगस्ट 1974 रोजी दिसलं. राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा देऊन रिचर्ड निक्सन कॅलिफोर्नियाला निघाले तेव्हा त्यांचं विमान ‘एअर फोर्स वन’ होतं. दुपारी बाराच्या सुमारास ते मिझुरी राज्यावर असताना वॉशिंग्टनमध्ये जेराल्ड फोर्ड यांनी त्या पदाची शपथ घेतली. वैमानिक कर्नल राल्फ अल्बर्टाझी यांनी जमिनीशी संपर्क साधून हाक बदलून घेतली आणि त्या क्षणापासून विमान ‘सॅम 27000’ झालं. सॅम म्हणजे ‘विशेष हवाई कामगिरी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. विमान, वैमानिक आणि आतला माणूस तेच, हाक मात्र गेली. उलट 1 मे 2003 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश नौदलाच्या विमानाने ‘अब्राहम लिंकन’ या युद्धनौकेवर उतरले, तेव्हा ते विमान ‘नेव्ही वन’ होतं. म्हणून ‘अमेरिकेकडे दोन एअर फोर्स वन आहेत’ हे वाक्य सैल आहे. अमेरिकेकडे त्या कामासाठी खास बांधलेली दोन बोइंग 747 आहेत, 1990 पासून. हाक एका वेळी एकाचीच.

खऱ्या अर्थाने नाव असलेली विमानंही आहेत, आणि तिथे अवतरण चिन्हात नाव देणं योग्यच. जर्मनीच्या एका एअरबसचं नाव ‘कोनराड आडेनाउअर’. चॅन्सेलर आत असोत वा नसोत, नाव तेच. नोव्हेंबर 2018 मध्ये तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल याच नावाच्या तेव्हाच्या विमानाने जी-20 परिषदेसाठी ब्युनोस आयर्सला निघाल्या, वाटेत बिघाड झाला, कोलोनला उतरावं लागलं, आणि पुढचा प्रवास त्यांनी माद्रिदहून साध्या प्रवासी विमानाने केला. आपल्या हवाई दलाचीही ही रीत जुनी आहे. 4 नोव्हेंबर 1977 रोजी मोरारजी देसाईंना घेऊन जाणारं जे विमान जोरहाटजवळ कोसळलं, त्याचं नाव ‘पुष्पक’. त्यात हवाई दलाचे पाच जण गेले, पंतप्रधान वाचले. आजच्या बोइंग 737 जातीच्या विमानांना ‘राजदूत’, ‘राजहंस’, ‘राजकमल’ अशी नावं आहेत. मला ही नावं मनापासून आवडतात, आणि मराठी बातम्यांत ती जवळजवळ कधीच वाचायला मिळत नाहीत याची खंत वाटते.

‘एअर इंडिया वन’ हीसुद्धा मुळात हाकच. पंतप्रधान आणि राष्ट्रपती परदेशी जाताना एअर इंडियाचं बोइंग 747 वापरत, त्या काळातली. ऑक्टोबर 2020 पासून आलेली दोन बोइंग 777 हवाई दलाची आहेत. अंगावर ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही अक्षरं आहेत, एअर इंडियाचं नाव नाही. जानेवारी 2022 मध्ये तर एअर इंडिया टाटांकडे गेली. हाक लोकांच्या तोंडी राहिली आहे, म्हणून शब्द वापरायला हरकत नाही. पण ‘एअर इंडियाच्या विमानाने’ असं लिहिलं तर ती आता तथ्याची चूक ठरते.

इथेच खर्चाचे शब्द येतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी याच शब्दांत घ्यायला हवी. जुन्या व्यवस्थेत सरकार एअर इंडियाला भाडं देत असे. सप्टेंबर 2018 मध्ये माहिती अधिकारातून समोर आलं की त्या भाड्याचे सुमारे 1,146 कोटी रुपये थकले होते. म्हणजे तेव्हा ‘भाडं’ आणि ‘थकबाकी’ हे शब्द अचूक होते. आताची विमानं सरकारची स्वतःची. त्यांची ‘किंमत’ असते आणि त्यांच्यावर ‘खर्च’ होतो. बातम्यांत फिरलेला सुमारे 8,400 कोटींचा आकडा दोन्ही विमानांचा मिळून आहे. तेव्हा ‘8,400 कोटींचं विमान’ हे एकवचनच चुकलेलं आहे. अमेरिकेतही तेच होतं. 2018 चा 3.9 अब्ज डॉलरचा करार दोन नव्या विमानांचा आहे, आणि त्या रकमेत नुसता सांगाडा नाही, संपर्क यंत्रणा आणि संरक्षक उपकरणांसह सगळी फेररचना आहे. ‘किंमत’ म्हणजे एकदा मोजायचे पैसे. इंधन, देखभाल, कर्मचारी हा ‘खर्च’. दोन्ही एका आकड्यात कोंबले की वाचकाला काहीच तपासता येत नाही.

राहिला ‘विशेष विमान’. आपल्या वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द: ‘विशेष विमानाने नागपुरात आगमन’. हे विमान शासनाचं, कंपनीकडून भाड्याने घेतलेलं की एखाद्या उद्योगपतीने दिलेलं, ते यातून कळत नाही. पैसे कोणी भरले, हेच नेमकं झाकलं जातं. माहिती असेल तर ‘शासकीय विमान’, ‘हवाई दलाचं विमान’, ‘भाड्याचं विमान’ किंवा ‘खासगी विमान’ यांपैकी जे असेल ते लिहावं. प्रश्नकर्त्यांच्या वाक्यात ‘पंतप्रधान हवाई दलाच्या बोइंग 777 विमानाने रवाना झाले’ एवढं पुरे. किंमत द्यायचीच तर पुढच्या वाक्यात, दोन विमानांची म्हणून.

प्रश्नातल्या ‘राष्ट्रप्रमुख’ शब्दाबद्दलही थोडं. आपले राष्ट्रप्रमुख राष्ट्रपती, पंतप्रधान हे शासनप्रमुख. जर्मनीतही चॅन्सेलर शासनप्रमुखच. अमेरिकेचे अध्यक्ष दोन्ही असतात, म्हणून तिकडच्या बातम्या अनुवादित करताना हा फरक निसटतो. दोघांचंही विमान अभिप्रेत असेल तर ‘राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुखांची विमानं’ असं लांबलचक का होईना, पूर्ण लिहावं.